भ्यायची जागा

रत्नाताई गेल्याचा फोन दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आला, आणि खरं सांगतो, रडू फुटण्याआधी माझ्या मनात आलं की वेळसुद्धा हिनेच निवडलेली दिसतेय. रत्नाताई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पेशाने चित्रकार आणि मनाने भयकथांची वेडी. पण रात्रीच्या भुतांना ती भाव द्यायची नाही. "रात्री काय, कुणीही घाबरवतं," ती म्हणायची. "लाईट गेली की मांजरसुद्धा घाबरवतं. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात घाबरवून दाखव, मग मानते." तर अशी ही बाई भर दुपारी, उन्हात, मानखुर्दच्या घरात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी म्हणालो, असेल.

आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात तिच्याबद्दल जे जे बोललं गेलं ते मी गुपचूप ऐकून घेतलं. आदरांजलीच्या सभेत ती 'शांत आणि मनमिळाऊ' झाली, एका पत्रकात 'समाजाची वेदना रंगवणारी चित्रकार' झाली. मनमिळाऊ! जिने माझ्या साखरपुड्याला, ऐन फोटोच्या वेळी, माझ्या कानात सांगितलं होतं की तुझ्या मागे जो माणूस उभा आहे त्याला इथे कुणीच ओळखत नाही... तो फोटो अजून आहे. त्यात सगळे हसताहेत आणि नवरदेव मागे बघतोय. भुताखेतांचा उल्लेख मात्र कुणीही केला नाही, जणू घरातला एखादा जुना आजार असावा. म्हणून हा लेख. याला आदरांजली म्हणू नका, दुरुस्ती म्हणा.

आमची दोन्ही घरं मानखुर्दला, खाडीच्या बाजूला, एकाच गल्लीत. घराणं मूळचं बुलढाण्याकडचं, धम्म स्वीकारलेलं. मे महिन्यात दुपारी मोठी माणसं झोपली की गल्लीतली सगळी पोरं नळाच्या कट्ट्याजवळ जमायची आणि ताई गोष्ट सांगायची. तिची एक गोष्ट मला आजही नळाखाली बादली लावू देत नाही. एक बाई पाण्याच्या रांगेत उभी असते. चांगली नेसलेली, चांगली बोलणारी. तिचा नंबर येतो, ती हंडा भरते, डोक्यावर घेते आणि निघून जाते. थोड्या वेळाने सहज मागे बघितलं तर ती रांगेत शेवटी उभी. परत नंबर येतो, परत भरते, परत जाते. "त्यात काय घाबरायचं?" मी एकदा धिटाईने विचारलं. ताई म्हणाली, "काही नाही रे विल्या. फक्त एवढंच, की तुझा नंबर कधी येतच नाही." समोर खरी रांग होती. खरे हंडे होते. ऊन असं की डोळे उघडवेनात. आणि माझे पाय गार पडले.

मी तिचं यंत्र होतो. ताप मोजायला जसा थर्मामीटर, तसा भीती मोजायला मी. निसर्गाने मला त्यासाठीच घडवलेलं असावं, कारण पालीपासून परीक्षेपर्यंत मी कशालाही घाबरायचो आणि आजही घाबरतो. चित्र काढून झालं की ती ते माझ्यासमोर धरायची आणि चित्राकडे न बघता माझ्या डोळ्यांकडे बघायची. मी आधी कुठे बघतो, कुठे बघायचं टाळतो... माझी नजर जिथून सटकायची, तिथे ती पेन्सिलीने बारीक टिंब करायची. त्याला ती 'भ्यायची जागा' म्हणायची. दात, नखं, रक्त यांवर माझी नजर आरामात फिरायची. सटकायची ती भलतीकडेच. एकदा तिने हडळ काढली होती, केस मोकळे, जीभ बाहेर, सगळा जामानिमा. मी सटकलो ते तिच्या हातातल्या रिकाम्या, घडी घातलेल्या पिशवीवरून. ताई खूश. हडळीचे केस, जीभ सगळं खोडलं आणि घडी घातलेली पिशवी घेतलेली एक साधी बाई ठेवली. ते चित्र मी अजूनही नीट बघू शकत नाही. "प्रत्येक चित्रात भ्यायची एकच जागा पाहिजे," ती म्हणायची. "दोन झाल्या की तमाशा होतो."

अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, हे बिलकूल पसंत नव्हतं. अण्णा पाणी खात्यात फिटर, वागायला करडे. घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर समोरच्या भिंतीवर, येणाऱ्याला पहिली दिसेल अशी. एकदा तिच्या वह्या त्यांच्या हाती लागल्या. "देव सोडले, भुतं सोडली, अंगात येणं सोडलं," अण्णा म्हणाले. "गावाकडे तुझ्या आजीला भूत लागलं म्हणून मांत्रिकाने किती झोडपलं, माहितीय तुला? आणि तू त्याच भुतांची चित्रं काढतेस?" मी दाराआड उभा राहून ताईच्या वतीने घाबरत होतो. ताई तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. ती म्हणाली, "अण्णा, मी मानत नाही म्हणून तर काढते. मानणाऱ्याचा हात थरथरतो, त्याला काय काढता येणार? आणि आजीला भुताने मारलं का? माणसानेच मारलं ना?" अण्णांनी वह्या परत दिल्या. पुढे आम्हाला एक शोध लागला. ताईने वाचनालयातून आणलेली भयकथांची पुस्तकं अण्णा दुपारी पेपरच्या आत धरून वाचायचे. एका दुपारी ताईने त्यांच्या खांद्यावर मागून हात ठेवला तर ते कॉटवरून असे उडाले की चष्मा मोरीत गेला. "पेपर वाचत होतो," म्हणाले. पेपर उलटा होता.

ताई चित्रकला शिकली, पदविका घेतली आणि मग तिला हितचिंतक भेटले. भली माणसं होती, टोमणा मारत नाही. पण त्यांना तिच्याकडून एकच चित्र हवं असायचं: कष्टाने वाकलेली माय, वळलेली मूठ, उगवता सूर्य. एका गृहस्थांनी तिच्या भुतांच्या चित्रांकडे बघून फार मायेने म्हटलं होतं, "रत्ना, हे तुझं नाही. तुझ्याकडे तुझं केवढं दुःख आहे!" घरी येऊन तिने चपला कोपऱ्यात भिरकावल्या. "आपल्याकडून सगळ्यांना दुःखच पाहिजे यार. जसं काय आपल्याकडे दुसरा मालच नाही. भीती काढली की म्हणतात, हे तुझं नाही. भीती काय यांनी वतनात घेतलीय?" मी म्हणालो, "एखादा सूर्य काढून टाक ना, काय जातंय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की सूर्याचा विषय तिथेच मावळला.

पोटासाठी तिने अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये मालिकांचे सेट रंगवले. तीसेक वर्षं मानखुर्द ते अंधेरी आणि परत. राजवाडे, स्वर्ग, सासरचे दिवाणखाने, सगळं प्लायवूडवर. एकदा भुताची मालिका आली आणि आम्हाला वाटलं, आता हिचं नशीब उघडलं. दिग्दर्शकाला पांढरी साडी, धूर आणि मोकळे केस पाहिजे होते. ताईने त्याला सुचवलं, की भूत इस्त्रीची साडी नेसलेलं, खांद्याला पर्स, दारात येतं, पायपुसण्यावर नीट पाय पुसतं आणि आत येतं. सगळे हसले. दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, इसमें डर कहाँ है?" ताई म्हणाली, "धुरातून येतं ते जातं. पाय पुसून येतं ते राहायला आलेलं असतं." शेवटी धूरच झाला. ताईने तो धूर उत्तम रंगवला आणि पायपुसणं मनात ठेवून दिलं.

रोजची ये-जा झेपेना, म्हणून एकदा तिने स्टुडिओच्या जवळपास भाड्याने खोली बघायची ठरवली. सोबत मी. मालक अत्यंत सज्जन माणूस. चहा दिला, खिडकीतून येणारा वारा दाखवला, चित्रकार आहात म्हणून कौतुक केलं. मग वही उघडली आणि म्हणाला, "पूर्ण नाव सांगा." ताईने सांगितलं. आडनाव ऐकलं की काय होतं हे आमच्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, काहीच होत नाही. तो ओरडला नाही, उठला नाही, वहीसुद्धा मिटली नाही. म्हणाला, बघतो, घरात विचारून कळवतो. मी तोपर्यंत बुटाची लेस बांधायला खाली वाकलो होतो. बूट बिनलेसचे होते. रिक्षात बसल्यावर मला वाटलं, ताई आता रडेल किंवा शिव्या देईल. ती पर्समधून औषधाचं बिल काढून त्याच्या पाठीवर भराभर काहीतरी काढत होती. चेहरा नुसता उजळलेला.

"मिळाली," ती म्हणाली.

"खोली? अगं, तो नाही म्हणाला ना..."

"खोली नाही रे येड्या. जागा. बघितलंस का तू? त्याचं हसू हललंच नाही. डोळे निघून गेले आणि हसू तिथेच राहिलं. विल्या, एवढी वर्षं मी हे शोधत होते!"

मी काहीच बघितलं नव्हतं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

त्यानंतर काही वर्षांनी मी मुलुंडला फ्लॅट घेतला आणि दारावर देखणी पाटी लावली: 'विलास • सुजाता'. आडनाव नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, हल्ली अशीच फॅशन आहे. सुजाता, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली की "फॅशन कुणाची, ते पण सांगत जा." घर बघायला ताई आली. दारात थांबली, पाटी वाचली, "अक्षर छान आहे" म्हणाली आणि आत आली. तिने आमच्यासाठी भेट आणली होती, पेपरात गुंडाळलेली. सोडली तर पाटीच! कुठल्याशा राजवाड्याच्या मोडलेल्या सेटचं प्लायवूड, रंग असा दिलेला की शिसवी वाटावं, आणि त्यावर तिच्या हाताने आमचं दोघांचं पूर्ण नाव, आडनाव जरा जास्तच ठसठशीत. मी म्हणालो, "वा! पण सोसायटीत ना, सगळ्यांना एकाच पॅटर्नची पाटी लावावी लागते." असा काही नियम नव्हता. पाटी माळ्यावर गेली. ताईने दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या आणि गेली. मला वाटलं, विषय संपला.

मग आली भिंत. मानखुर्दच्या आमच्या विहारात बाजूची एक लांबलचक भिंत कोरी होती आणि समितीने ताईला तिथे ज्ञानप्राप्तीचा प्रसंग रंगवायला सांगितलं. वृक्षाखाली बसलेले तथागत आणि त्यांच्यावर चालून आलेली माराची सेना. भीती, मोह, संशय, जे जे माणसाला उठवून लावतं ते सगळं त्या सेनेत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते म्हणाले, "राक्षस मनासारखे काढ. तुझ्या आवडीचा विषय आहे!" ताईने चार महिने, दर रविवारी दुपारी, पडदा लावून काम केलं. अनावरणाला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून गेलो. पडदा सरला आणि विहारात अशी शांतता पसरली, जी वंदनेलाही सहसा पसरत नाही.

मधोमध तथागत, हात जमिनीला टेकलेला, डोळे अर्धवट मिटलेले. आणि भोवताली एकही शिंग नाही, एकही सुळा नाही. साधी माणसं. वही उघडून हसणारा सज्जन. पायपुसण्यावर पाय पुसणारी बाई. पाण्याची रांग, जी वृक्षाच्या मागे जाते आणि दुसऱ्या बाजूने परत येते. सगळं भर दुपारच्या उन्हात. गुरुजींनी बराच वेळ शोधून विचारलं, "रत्ना, यात मार कुठे आहे?"

"सगळीकडे आहे गुरुजी."

"अगं, पण विहारात लोक शांतीसाठी येतात. भ्यायला कशाला येतील?"

"तो माणूस कशासमोर शांत बसलाय ते दिसलंच नाही, तर त्याची शांती कशी दिसणार?" ताई म्हणाली. "शिंगं काढली असती तर पोरं घरी जाऊन विसरली असती."

हा वाद रंगात आला असताना सुजाताने मला कोपराने ढोसलं. "अहो... खाली डाव्या कोपऱ्यात बघा." बघितलं. चेक्सचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. तो शर्ट सुजातानेच मला वाढदिवसाला दिला होता. स्वतःच्याच दारासमोर उभा असलेला माणूस, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात पाटी. पाटी कोरी. चेहरा माझा. माराच्या सेनेत, शेवटच्या रांगेत, मी! मला दोन कारणांनी राग आला. एक म्हणजे चेहरा, आणि दुसरं म्हणजे पोट, जे तिने कारण नसताना एवढं मोठं काढलं होतं. माझी नजर कुठून सटकली हे सांगायला नको. ताई लांबून माझ्या डोळ्यांकडेच बघत होती.

दीड वर्ष मी तिच्याशी बोललो नाही. मग ती आजारी पडली आणि मी रविवारी मानखुर्दला जायला लागलो. पण तो विषय मी काढला नाही, तिनेही नाही. शेवटी ती जायच्या आधीच्या रविवारी, दुपारी, ती खुर्चीत बसलेली असताना माझ्या तोंडून निघून गेलं. "ताई, मला सेनेत का घातलंस गं? मी कुणाला घाबरवलंय?"

ती हसली. धाप लागली तरी हसली. "तू घाबरवत नाहीस रे. तू घाबरलेला आहेस. सेनेत निम्मे तसेच असतात."

"आणि पोट?"

"पोट खरं आहे."

तीच शेवटची भेट.

आदरांजलीची सभा संपली तसा गुरुजींनी दुसरा विषय घेतला. भिंतीला ओल आली आहे, रंग सुटतोय, लहान मुलंही चित्राला घाबरतात. तेव्हा भिंतीला फरशी लावावी आणि वर रत्नाताईंच्या नावाचा सुंदर दगड बसवावा. माना डोलल्या. आता माझं मन सांगतो. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. फरशी लागली की मी गेलो, चेक्सच्या शर्टासकट. काही न करता, नुसतं गप्प बसून, काम फत्ते होणार होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. मी खाली बघितलं. बूट बाहेर काढून ठेवले होते. बघायला काहीच नव्हतं.

उभा राहिलो. "गुरुजी, तिच्या नावाचा दगड लावायला तिचंच काम झाकणार?" आवाज माझा वाटत नव्हता. "मघापासून सगळे म्हणताहेत ती शांत होती, वेदना रंगवायची. नाही रंगवायची. ती भीती रंगवायची. तिला भुतं आवडायची, जन्मभर आवडली, आणि त्या भुतांमुळेच तिला हे सगळं दिसलं जे आपल्याला दिसत नाही. ओल बाहेरून काढता येते. मुलं घाबरतात तर घाबरू देत. मीसुद्धा घाबरतो. तो शर्टवाला माणूस मी आहे."

मला वाटलं, बॉम्ब पडला. कुठलं काय! मागून आमच्या गल्लीतल्या पारूमावशी म्हणाल्या, "आम्हाला केव्हाच ठाऊक हाये बाबा. पोरं तुला पाटीवाले काका म्हन्तात." सगळे हसले. गुरुजीसुद्धा हसले. म्हणाले, "मग विलासराव, झाकलं तर तुमचंच बरं की!"

"तेच तर गुरुजी. म्हणूनच झाकायचं नाही."

हशा ओसरला तशी पारूमावशींनी विचारलं, अगदी सहज, चहा घेतोस का विचारावं तसं, "पन आता तुझ्या दारावर काय हाये रे?"

भिंतीचा निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

त्या आठवड्यात, शनिवारी रात्री, मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. पाटी पेपरातच होती. 'विलास • सुजाता' काढायला पाच मिनिटं लागली, ही लावायला तासभर, कारण स्क्रू मी पहिल्यांदा उलट फिरवत होतो आणि सुजाता मागे उभी राहून सूचना करत होती. पुढच्या रविवारी ठरलं, भिंत राहील. बाहेरून प्लास्टर, आतून काही नाही. मग एका उत्साही सभासदाने सुचवलं की आता त्या चित्रातल्या कोऱ्या पाटीवर विलासरावांचं नाव लिहून टाकू, शेवट गोड होईल. मी आडवा आलो. तिने कोरी ठेवली ती कोरीच राहणार. ती भ्यायची जागा आहे. ती भरली तर चित्रात उरलं काय? उद्या तिथे दुसरा कुणी येईल, त्याची नजर सटकली पाहिजे. मी फक्त माझ्या दारावरची भरली आहे, भिंतीवरची नाही.

घरी परतलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ दार उघडून पेपर उचलत होते. अकरा वर्षांची ओळख, सणाला डबे इकडून तिकडे. त्यांची नजर माझ्या दारावर गेली. त्यांनी पाटी वाचली, आडनावापाशी थांबले, परत वाचली. मग माझ्याकडे बघून हसले, आणि हसू तिथेच राहिलं. जिन्याच्या खिडकीतून लख्ख ऊन येत होतं... ताई, मी बघत राहिलो. बुटांकडे नाही, त्यांच्याकडे. आधी त्यांची नजर सटकली.

मग मी पायपुसण्यावर नीट, सावकाश, दोन्ही पाय पुसले आणि आत गेलो.